गॅमा किरणांची पेटी आणि सोलापूरचा मे महिना

गेल्या डिसेंबरात सोलापुरातील आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागासाठी मी गॅमा किरण मोजणारी एक छोटी पेटी विकत घेतली. थॅलियमचा अंश मिसळलेल्या सिझियम आयोडाइडचा २५ मिलिमीटर बाजूचा घनाकृती स्फटिक, त्याच्या एका पृष्ठभागाला टेकवलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे प्रकाश वाचणारी चकती, त्यामागे एक सर्किट बोर्ड आणि संगणकाला जोडायची यूएसबी केबल एवढाच तिचा संसार असून आकाराने ती जेवणाच्या डब्यापेक्षा मोठी नाही. करांसह ५८ हजार रुपये मोजावे लागले. माहितीपत्रकात ‘अवकाशातील दुर्बिणींत वापरले जाणारे तंत्रज्ञान’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि खरे सांगायचे तर त्या एका ओळीवर भाळूनच मी खरेदीचा प्रस्ताव प्राचार्यांपुढे ठेवला, कारण तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांना गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या आकाशातून अचानक येणारे गॅमा किरणांचे झोत, टिपणाऱ्या डिटेक्टरची जमिनीवर चाचणी कशी घेतात हे स्वतः करून पाहायचे होते. आठ महिन्यांच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव देत नाही. या किमतीच्या पेट्यांची रचना एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते की पुढे सांगितलेल्या गोष्टी कोणतीही पेटी घेताना तपासून पाहाव्यात.

माहितीपत्रकातील ती ओळ खोटी नाही, हे आधी नोंदवते. खगोलीय गॅमा किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून ते पकडण्यासाठी वर जावे लागते. आणि साध्या आरशाने ते एकवटता येत नाहीत, म्हणून त्यांना घन, जड स्फटिकात अडवून तिथे उमटणारी प्रकाशाची ठिणगी मोजावी लागते. ११ जून २००८ रोजी सोडलेल्या फर्मी या अवकाशातील गॅमा किरण दुर्बिणीवर स्फोट टिपण्यासाठी सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मनेटचे २ डिटेक्टर आहेत, तर तिच्या मुख्य उपकरणातील ऊर्जामापकात आमच्या पेटीतल्याच पदार्थाच्या, म्हणजे सिझियम आयोडाइडच्या, १५३६ कांड्या बसवलेल्या आहेत. त्याहून जवळचे नाते ‘जीआरबीअल्फा’ या २२ मार्च २०२१ रोजी कक्षेत गेलेल्या उपग्रहाशी आहे. जेमतेम १० सेंटिमीटर बाजूच्या त्या घनात ७५ मिलिमीटर लांब-रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी सिझियम आयोडाइडची वडी होती आणि तिचा प्रकाश सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरच वाचत असत. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या अतितेजस्वी स्फोटाने भल्या मोठ्या दुर्बिणींचे डिटेक्टर अक्षरशः गुदमरले, म्हणजे किरणांच्या गर्दीत त्यांची मोजणीच कोलमडली, तेव्हा या चिमुकल्या उपग्रहाने त्या स्फोटाचे शिखर न गुदमरता मोजले. तेव्हा स्फटिक तोच आणि प्रकाश वाचणारी चकतीही त्याच जातीची. प्रश्न उरतो तो या दोहोंच्या भोवतालच्या कामाचा, आणि पेटीची खरी परीक्षा तिथेच झाली.

जानेवारीत पेटी उघडली तेव्हा प्रयोगशाळेचे तापमान १९ अंश होते. जीएम काउंटर या किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणाच्या प्रयोगासाठी विभागाकडे असलेला सिझियम-१३७चा सीलबंद स्रोत समोर ठेवून पहिला वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख, घेतला. या स्रोताचा गॅमा किरण ६६२ केईव्हीचा, म्हणजे ६६२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, आणि वर्णपटात त्याचे शिखर जितके अरुंद तितका डिटेक्टर चांगला. निम्म्या उंचीवरची रुंदी ७ टक्के भरेल असा दावा होता, आम्हांला ७.६ टक्के, म्हणजे सुमारे ५० केईव्ही मिळाली. एवढा फरक मी सहज माफ करते. सोडियम आयोडाइडपेक्षा या स्फटिकातून प्रकाश जास्त निघतो, तो हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात असल्यामुळे सिलिकॉनला चांगला दिसतो, आणि पदार्थ हवेतील ओल फारशी शोषून घेत नसल्याने हाताळायला सोपा जातो. सोडियम आयोडाइड मात्र ओल इतकी ओढतो की हवाबंद डब्याबाहेर त्याचे आयुष्य संपल्यातच जमा. पहिले तीन महिने आम्ही सगळेच पेटीवर खूश होतो, आणि हे परीक्षण मार्चमध्ये लिहिले असते तर पाचपैकी साडेचार तारे देऊन मोकळी झाले असते.

मग मे महिना आला. सोलापूरच्या उन्हाळ्याचे वर्णन इथल्या वाचकांना करायला नको. विभागाची इमारत जुनी, वरचा मजला पश्चिमेकडचा, आणि दुपारी तीन वाजता टेबलावरचा तापमापक ४१ अंश दाखवत होता. सांगोल्याचा एक विद्यार्थी घरच्या डाळिंबाच्या बागेसाठी आणलेल्या म्युरिएट ऑफ पोटॅश या खताची किलोभर पिशवी घेऊन आला होता. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०१२ टक्क्यांच्या आसपास किरणोत्सारी पोटॅशियम-४० असते आणि त्याचा १४६१ केईव्हीचा गॅमा किरण हा या क्षेत्रात फुकटात मिळणारा मापदंड आहे. पिशवी ठेवली, अर्धा तास मोजणी केली, आणि शिखर दिसले ते ११७० केईव्हीच्या जवळ. “मॅडम, हे तर कोबाल्ट आहे!” असे तो विद्यार्थी जवळजवळ ओरडलाच, कारण कोबाल्ट-६०चा एक किरण नेमका ११७३ केईव्हीचा असतो, आणि खताच्या पिशवीत कोबाल्ट सापडणे ही बातमीच झाली असती. वर्गातल्याच एका मुलीने शांतपणे विचारले की कोबाल्टचा दुसरा किरण १३३२ केईव्हीला असतो, तो कुठे आहे? तो कुठेच नव्हता. सिझियमचा स्रोत पुन्हा लावून पाहिला, तर ६६२चे शिखर ५३० वर सरकलेले. संपूर्ण मोजपट्टीच २० टक्के आखडली होती.

असे का होते, ते पेटीच्या माहितीपुस्तिकेत नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने सांगते. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर म्हणजे हजारो सूक्ष्म डायोडांची चकती. प्रत्येक डायोडला त्याच्या कोसळबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या दाबापलीकडे लोंढा सुटू शकतो त्यापेक्षा, दोन-तीन व्होल्ट अधिक विद्युतदाब दिलेला असतो आणि प्रकाशाचा एक कण पडला तरी त्या डायोडात विद्युतप्रवाहाचा लोंढा सुटतो. हा लोंढा केवढा असेल ते त्या वरच्या दोन-तीन व्होल्टांवर ठरते. तापमान वाढले की कोसळबिंदूही वर चढतो. चकतीच्या जातीनुसार दर अंशाला सुमारे २० ते ५० मिलिव्होल्टने. पुरवठ्याचा दाब मात्र होता तेवढाच राहिला, तर वरची शिल्लक कमी होते, लोंढा लहान होतो आणि १४६१ केईव्हीचा किरण ११७०चा असल्याची बतावणी करतो. यात स्फटिकाचा दोष नाममात्र. खोली तापते त्या मर्यादेत त्याचा प्रकाश फारसा बदलत नाही.

यावर उपाय ठाऊक नाही असे नाही. तापमान मोजायचे आणि त्यानुसार विद्युतदाब थोडाथोडा वाढवत न्यायचा, एवढेच करायचे असते, आणि आमच्या पेटीच्या वैशिष्ट्यांच्या यादीत ही सोय स्पष्ट लिहिलेली होती. विक्रेत्याला पत्र लिहिले. पहिल्या उत्तरात केबल बदलून पाहण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्यात आमचा संगणक सदोष असावा अशी शंका व्यक्त झाली, आणि तीन आठवड्यांनी तिसऱ्या पत्रातून कळले की ही सोय कारखान्यातून बंद ठेवूनच माल पाठवला जातो आणि एक विशिष्ट आज्ञा पाठवून ती सुरू करावी लागते. ती आज्ञा ना माहितीपुस्तिकेत, ना संगणकप्रणालीच्या पडद्यावर. अठ्ठावन्न हजारांची वस्तू घेणाऱ्याला हे आधी सांगायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

सोय सुरू केल्यावर सुधारणा निश्चित झाली. खोलीचे तापमान स्थिर असेल, तर जानेवारीची आणि जूनची शिखरे आता २ टक्क्यांच्या आत जुळतात. परंतु पेटी सुरू केल्यावर पहिली चाळीस मिनिटे शिखर ४ टक्क्यांपर्यंत हलते, आणि याचे कारण शोधायला आम्ही झाकण काढले तेव्हा रचनेतला खरा दोष दिसला. तापमान मोजणारा घटक स्फटिकाजवळ नसून सर्किट बोर्डावर, तोही यूएसबीच्या चिपशेजारी बसवलेला आहे. ती चिप सुरू होताच तापते, घटकाला वाटते की सगळी पेटी तापली, तो विद्युतदाब वाढवतो. स्फटिक आणि चकती मात्र रबराच्या जाड वेष्टनात अजून थंडच असतात. घरच्या फ्रीजमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात पेटी ठेवून आणि नंतर थर्माकोलच्या खोक्यात हळूहळू कोमट करत आम्ही हेच उलटसुलट तपासले. थंडी आणि ऊब बोर्डाला आधी कळते आणि स्फटिकाला अर्ध्या तासाने. प्रयोगशाळेत हे चालून जाईल, कारण अर्धा तास थांबता येते. पृथ्वीभोवती साधारण ५५० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह दर दीड तासाला एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत उन्हातून सावलीत जातो. तिथे थांबायला अर्धा तास कुणी देत नाही. आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोलीय उपग्रहावरील कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या ६४ पट्ट्या, ज्यांत मिळून १६,३८४ चौकोनी घरे आहेत, त्या मुळात वेगळ्या प्रकारच्या. पण त्यांनाही थंड राखण्यासाठी उष्णता बाहेर टाकणारा पत्रा द्यावा लागला, यावरून या प्रश्नाचे वजन लक्षात यावे.

तापमानाचा दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो विद्युतदाब वाढवूनही जात नाही. अंधारातही या डायोडांत आपोआप लोंढे सुटतात आणि तापमान दहा-एक अंशांनी वाढले की त्यांची संख्या साधारण दुप्पट होते. जानेवारीत २५ केईव्हीच्या वरचे सगळे स्वच्छ दिसत होते. मेमध्ये हा गोंगाट ६० केईव्हीपर्यंत चढला. चाटी गल्लीतल्या एका जुन्या दुकानातून आणलेले, थोरियमचा अंश असलेले गॅसबत्तीचे मेंटल आम्ही दुसरा मापदंड म्हणून वापरतो. त्याची २३९ आणि ५८३ केईव्हीची शिखरे दोन्ही ऋतूंत दिसतात, पण ७५ ते ९०च्या दरम्यानचा जो एक ठसठशीत गठ्ठा हिवाळ्यात दिसे, त्याचा पायथा मेमध्ये गोंगाटात बुडाला. गॅमा किरण स्फोटांतून येणाऱ्या कणांपैकी मोठा वाटा याच कमी ऊर्जेच्या पट्ट्यात असतो. कक्षेत तर प्रोटॉनांच्या माऱ्याने सिलिकॉनची हानी होऊन हा गोंगाट महिन्यागणिक वाढतच जातो; जीआरबीअल्फाच्या निर्मात्यांनी चकत्यांभोवती शिशाच्या मिश्रधातूचे कवच घातले ते यासाठीच. आमच्या पेटीत चकतीच्या मागे प्लॅस्टिक आहे. ‘अवकाशातील तंत्रज्ञान’ हे शब्द वाचताना हा फरक डोळ्यांआड होऊ देऊ नये.

मात्र याच अडचणीतून या पेटीचा सर्वांत चांगला उपयोग आम्हांला सापडला. फर्मीवरील स्फोट टिपणाऱ्या डिटेक्टरांत पार्श्वभूमीत सतत दिसणारी ५११ केईव्हीची रेषा ठरलेल्या जागी राहावी, अशा रीतीने विद्युतदाब आपोआप जुळवला जातो. म्हणजे मापदंड बाहेरून आणावा लागत नाही, तो आकाशातून आणि यानाच्या धातूतूनच मिळतो. आम्ही तीच कल्पना पोटॅशवर राबवली. किलोभर खताची पिशवी आता कायमची पेटीखाली असते. तिच्यातून १४६१ केईव्हीचे सुमारे १७०० किरण दर सेकंदाला बाहेर पडतात, त्यांतले फार थोडे स्फटिकात पूर्णपणे अडकतात, तरीही दहा मिनिटांत शिखरात चारशेच्या आसपास नोंदी जमतात आणि शिखराचा मध्य एक-दोन केईव्हीच्या अचूकतेने सापडतो. विद्यार्थ्यांनी लिहिलेली छोटी संगणकप्रणाली दर दहा मिनिटांनी तो मध्य शोधते आणि मोजपट्टी ताणून पुन्हा १४६१ वर आणते. आता मोजणी सुरू असताना दुपार कितीही तापली तरी ६६२चे शिखर अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. विक्रेत्याची सोय आणि बागेतले खत यांत खताने बाजी मारली. दख्खनच्या काळ्या पाषाणात पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम तिन्ही कमीच असल्यामुळे आमच्या दगडी भिंतींची पार्श्वभूमीही शांत असते. हैदराबादच्या ग्रॅनाइटी परिसरात हाच प्रयोग करणाऱ्याला ती अधिक जाणवेल.

वेळेच्या नोंदीबाबत मात्र पेटी निराश करते, आणि इथे आमच्या हातात फारसे काही नाही. ती प्रत्येक किरणाची वेळ स्वतंत्रपणे देत नाही. सेकंदभराच्या नोंदींची बेरीज करून वर्णपट पाठवते. जे स्फोट दोन सेकंदांपेक्षा कमी काळ टिकतात ते अशा नोंदीत एक-दोन ठिपक्यांत संपून जातात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मीला गॅमा किरण दिसले, आणि त्या १.७ सेकंदांवर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे केवढे तरी शास्त्र उभे राहिले. स्फोट आकाशात कुठे झाला हे वेगवेगळ्या यानांवर किरण पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरूनही काढतात. प्रकाश मिलिसेकंदाला ३०० किलोमीटर जातो. म्हणजे सोलापूर ते हैदराबाद एवढ्या अंतराला एक मिलिसेकंद. ज्या उपकरणाची सर्वांत लहान नोंद एक सेकंदाची, त्याला या खेळात जागा नाही. याच किमतीच्या काही पेट्या प्रत्येक किरणाची वेळ स्वतंत्रपणे नोंदवतात. खरेदीपूर्वी हा एकच प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते. तो मी विचारला नाही, हा दोष माझा.

यांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात. प्रकाश आत जाऊ नये म्हणून जोडावर लावलेली काळी चिकटपट्टी ४० अंशांच्या वर सैल होते, आणि एप्रिलअखेरीस पेटी गच्चीवर नेताच नोंदी एकदम शेकडो पटींनी वाढल्या, तेव्हा क्षणभर आम्हांला काही तरी थोर सापडल्याचा भास झाला. अंधाऱ्या खोलीत विजेरी फिरवून फट शोधली आणि पट्टी बदलली. नवीन पेटी आल्या दिवशीच ही तपासणी करावी. स्फटिक आणि चकती यांच्यामध्ये सिलिकॉनचे ग्रीस आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी पेटी एसटीने पंढरपूरला नेऊन आणल्यावर शिखर ९ टक्क्यांनी खाली आले, कारण खड्ड्यांच्या धक्क्यांनी चकती ग्रीसवर किंचित घसरली होती. अग्निबाणाच्या कंपनांपुढे एसटी म्हणजे पाळणाच. म्हणून अवकाशात जाणाऱ्या डिटेक्टरांत घट्ट झालेल्या सिलिकॉन रबराची गादी वापरतात, आणि तिथे वापरायच्या प्रत्येक पदार्थाने निर्वातात तापवल्यावर १ टक्क्यापेक्षा कमी वजन गमवावे आणि त्यातून घनरूपात पुन्हा जमणारा भाग ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावा, अशी रूढ अट असते. या पेटीचे छापील प्लॅस्टिक आणि तिचे ग्रीस त्या अटीच्या जवळपासही जातील असे मला वाटत नाही, आणि विक्रेत्याने तसा दावाही केलेला नाही.

एक गोष्ट अनपेक्षितपणे चांगली निघाली. मोजपट्टीच्या वर गेलेल्या नोंदींचा वेगळा आकडा पेटी देते. विश्वकिरणांतून जमिनीपर्यंत पोहोचणारा म्यूऑन नावाचा कण या स्फटिकातून आरपार जाताना १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या आसपास ऊर्जा सोडतो, म्हणजे थेट त्या आकड्यात जमा होतो. गच्चीवर मिनिटाला सात-आठ नोंदी मिळाल्या, ज्या अंदाजाशी चांगल्या जुळतात. ॲस्ट्रोसॅटवर मुख्य डिटेक्टरखाली सिझियम आयोडाइडचा दुसरा थर बसवून असे आगंतुक कण का वगळावे लागतात, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा हा आकडा दाखवून लवकर समजते.

तेव्हा पदव्युत्तर किंवा पदवीच्या प्रयोगशाळेसाठी, वर्णपट शिकवायला आणि विशेषतः डिटेक्टर कसा बिघडतो ते शिकवायला ही पेटी मी पाचपैकी तीन तारे देऊन सुचवीन; त्यांतला एक तारा केवळ स्फटिकाचा आहे. बलूनवर किंवा उपग्रहावर पाठवण्याच्या तयारीसाठी ती घेऊ नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून हैदराबादहून उडतात आणि त्यांच्या उड्डाणांआधीच्या सूचनांत विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर ही रेषा नमूद असते, त्यामुळे आमच्या मुलांचे डोळे आपसूकच वर लागलेले असतात. पण तो बलून १७ किलोमीटरच्या आसपास उणे ८० अंशांच्या थंडीतून वर चढतो, आणि ज्या पेटीला सोलापूरची दुपार झेपत नाही तिला तिथे काय वाटेल ते सांगायला नको. दुसरी पेटी घेण्यासाठी मंजूर झालेली रक्कम मी परत वळवली असून त्यातून एक सुटा स्फटिक, दोन चकत्या आणि तापमान मोजणारे दहा थर्मिस्टर मागवले आहेत. त्यांतला पहिला थर्मिस्टर चकतीच्या अगदी पाठीवर चिकटवायचा, एवढे तूर्त ठरले आहे.